नौपाड्यातील हार्ट मॅपिंग: तपासणी काळजीपूर्वक, अहवाल अपुरा

नौपाड्यातील एका निदान केंद्रात गेल्या महिन्यात वडिलांची हार्ट मॅपिंग तपासणी करून घेतली. त्यांना मधुमेह आहे, जिना चढताना दम लागतो आणि गुडघ्यांमुळे ट्रेडमिलवर चालणे जमत नाही. साधा ईसीजी मात्र दोनदा नॉर्मल आला होता. मधुमेहात छातीत न दुखताही हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडू शकते, म्हणून 3,500 रुपये भरून ही तपासणी केली.

साध्या ईसीजीत 10 इलेक्ट्रोडवरून 12 लीडच्या, म्हणजे 12 दिशांनी पाहिलेल्या, नोंदी मिळतात, आणि छातीवरचे सहाही इलेक्ट्रोड पुढच्या व डाव्या बाजूलाच असल्यामुळे हृदयाच्या मागच्या भिंतीचे बदल त्यांतून निसटू शकतात. मॅपिंगमध्ये पाठीवरही इलेक्ट्रोड लावतात (येथे एकूण 80 होते), त्वचेवरचा विद्युतदाब सर्वत्र एकाच वेळी मोजून त्याचा नकाशा काढतात आणि संगणक तो नकाशा आधीच्या रुग्णांच्या नकाशांशी ताडून पाहतो. टेक्निशियनने छातीवरचे केस काढून त्वचा नीट पुसली, आणि एक इलेक्ट्रोड सैल दिसताच, बाहेर रांग असूनही, सगळी नोंद पुन्हा घेतली.

तक्रार आहे ती अहवालाची. हाती आला तो लाल-हिरवा रंगीत कागद, आणि खाली ‘इस्केमियाची (हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडण्याची) शक्यता अधिक’ एवढेच. जुन्या रक्तदाबामुळे वडिलांच्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड झालेली आहे, आणि तशा जाडीमुळेही आलेखाच्या एसटी भागात (ठोक्याच्या उंच टोकानंतरच्या रेषेत) इस्केमियासारखेच बदल उमटतात, असे आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले. शहानिशा करण्यासाठी त्यांनी मूळ आलेख मागवला, तर ‘तो आम्ही देत नाही’ असे केंद्राचे उत्तर आले. ज्या नोंदीवरून निष्कर्ष काढला तीच डॉक्टरांना पाहता येत नसेल, तर त्या लाल रंगावर विसंबायचे तरी कसे?

दारावरचा ‘अँजिओग्राफीशिवाय ब्लॉकेज ओळखा’ हा फलकही मला पटला नाही. ही तपासणी धमनी पाहत नाही, त्या क्षणी स्नायूवर झालेला विद्युत परिणाम तेवढा टिपते. अरुंद धमनीतूनही विश्रांतीपुरते रक्त पोहोचत असेल, तर नकाशा निर्दोष येऊ शकतो.

वडिलांना आता चालण्याऐवजी औषधाने ताण देऊन करायची स्ट्रेस थॅलियम तपासणी (हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोहोचते हे दाखवणारी) सांगितली आहे. या केंद्रात जाणार असाल, तर मूळ आलेखाची प्रत मिळेल का, हे पैसे भरण्यापूर्वीच काउंटरवर विचारून घ्यावे.