दोन दिवसांत खाज थांबली, तिथंच आम्ही फसलो

एकूण २,१५० रुपये. मलमाच्या तीन डब्या, प्रत्येकी ३५०, ‘रक्तशुद्धी’ची पावडर ९००, वर तपासणीचे २००. बेळगावकडच्या खानापूर भागातल्या बाजारात टेबल मांडून बसलेल्या ‘वैद्या’नं पोराच्या पाठीवरचा नायटा बघितला, रक्त खराब आहे म्हणाला, आणि आम्ही पैसे मोजले. आम्ही काही अडाणी नाही. पण पोरगं रात्रभर खाजवत असताना पावती कोण मागत बसतंय?

डबीवर घटक नाहीत, बॅच नंबर नाही. ते एक वेळ सोडा. दुसऱ्याच दिवशी खाज थांबली, चौथ्या दिवशी लाली गेली, आणि घरात कौतुक! तिथंच उमगायला हवं होतं. नायटा म्हणजे बुरशी, आणि बुरशी इतक्या लवकर मरत नसते. क्लोट्रिमॅझोलसारख्या बुरशीवरच्या मलमालाही दोन ते चार आठवडे लागतात. झटक्यात लाली दाबतं ते स्टेरॉइड. वरून कातडी शांत दिसते, बुरशी मोकाट पसरते. तिसऱ्या आठवड्यात एका कड्याची सात झाली, तीही इतकी पुसट की त्वचेच्या डॉक्टरांनी कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तेव्हा खात्री पटली.

एरवी नायटा ओळखायला सोपा: कडेला उंच, लाल, कोंडा धरलेलं कडं, मध्ये निवळलेली कातडी. बुरशीवरचं मलम कड्याबाहेर बोटभर जागेपर्यंत, दिवसातून दोनदा, डाग गेल्यावरही निदान आठवडाभर. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन ही स्टेरॉइडची नावं दिसली तर मेडिकलवाला काही म्हणो, परत करा. स्टेरॉइड बंद केल्यावर काही दिवस लाली भडकते. घाबरून परत त्याच डबीकडं वळू नका. डोक्यात केस तुटून काळे ठिपके दिसत असतील तर नुसतं मलम फुकट, कारण बुरशी केसाच्या आत असते. तिथं पोटातूनच औषध: वजनाप्रमाणे ग्रिसिओफुल्विन, तूप-दुधाच्या जेवणाबरोबर, सहा ते आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीत. टॉवेल वेगळा. आमच्याकडच्या पावसात कपडे ओलसरच राहतात, शिवणीवरून इस्त्री फिरवा. घरात आणखी कुणी खाजवत असेल तर त्याचंही औषध त्याच वेळी.

आणि तक्रार! पोलीस ठाण्यात म्हणाले, “तुम्हीच घेतलात की स्वखुशीनं.” दुसऱ्या कार्यालयात अर्ज कन्नडमध्ये हवा. १५० देऊन लिहून घेतला, तर पावती कुठाय? मग म्हणे माणूस चंदगडकडचा, महाराष्ट्रात जा. तिकडं गेलो, तर विक्री कर्नाटकात झाली! उरलेली दीड डबी साहेबांच्या टेबलावर ठेवली, तर “हे इथं नको.” तुमच्याकडं असली डबी असेल तर फेकू नका. डॉक्टरांना दाखवा.