आईबाबांच्या वतीने सही: आममुखत्यार, खास मुखत्यार की नुसतं जॉइंट खातं?

आत्याचं नोटरीकडचं आममुखत्यारपत्र (जनरल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, म्हणजे तिच्या वतीने सगळी कामं करायचा लेखी अधिकार) माझ्या नावाने होतं, चार पानं, वर तांबडा शिक्का. तिला स्ट्रोक आल्यावर तीन आठवड्यांनी ते घेऊन मी बँकेत गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी एवढंच विचारलं, आजी आत्ता माणसं ओळखतात का? खरं ते सांगितलं, आणि कागद परत हातात आला.

त्या बाईंचं बरोबर होतं. आपल्या 1872 च्या करार कायद्यात कलम 201 आहे, त्यात स्पष्ट आहे की ज्याने अधिकार दिला तो वारला किंवा त्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारी संपते. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये भान गेल्यावरही चालणारी मुखत्यारी करता येते, आपल्याकडे तशी सोय नाही. आपण मात्र कागद करतो तोच मुळी "उद्या आईला काही झालं तर" म्हणून! इंदूरला रामबागेत, सुदामानगरात म्हातारी माणसं एकटी आणि मुलं पुण्या-बेंगळुरूला, अशा घरांतून मला सारखं विचारतात की काय करू, म्हणून एकदा सगळं समोरासमोर ठेवून लिहितोय.

आधी आममुखत्यार. यात भाडं वसूल करणं, टॅक्स भरणं, कोर्टात उभं राहणं, घर विकणं सगळं एकाच कागदावर येतं. आई हिंडती-फिरती आहे, पण दहा ठिकाणची कामं आहेत आणि मुलगा इथेच राहतो, तर हे सोयीचं पडतं. भीती मजकुराची आहे, कारण टायपिस्टकडे तयार नमुना असतो आणि तो जसाच्या तसा छापून देतो. माझ्या आईने भिंग घेऊन एकेक ओळ वाचली आणि तिसऱ्या पानावर थांबली, तिथे "विकणे, गहाण ठेवणे, दान करणे" असं ओळीने लिहिलेलं होतं. ती म्हणाली, अरे हे मी कधी सांगितलं? तिथेच ते खोडून नवीन टाइप करायला लावलं. तुम्हीही घाई करू नका, वाचू द्या त्यांना, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा.

खास मुखत्यारपत्र म्हणजे एकच काम. समजा बाबांचा एक प्लॉट विकायचा आहे, तर त्यात प्लॉटचा नंबर, कमीत कमी किंमत आणि पैसे फक्त बाबांच्याच खात्यात जातील हे लिहायचं, काम झालं की कागद संपला. माझं मत विचाराल तर दहातल्या आठ घरांना हेच पुरतं. प्रॉपर्टीचं काम असेल तर नुसत्या नोटरीवर विसंबू नका, सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टरच करा. आजारपणामुळे जिना उतरता येत नसेल तर 1908 च्या रजिस्ट्रेशन कायद्यात अधिकाऱ्याने घरी येऊन खात्री करून घ्यायची सोय आहे, बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं. उलट मुलगा परदेशात असेल आणि त्याच्या इथल्या फ्लॅटसाठी बाबांना अधिकार द्यायचा असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर सही होते, आणि कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प लावून घ्यावा लागतो.

आणि हो, मुखत्यारपत्र म्हणजे मालकी नव्हे. मुखत्यारनाम्यावर प्लॉट "घेतला" म्हणणारे अजून भेटतात, पण 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने सूरज लॅम्प प्रकरणात सांगून टाकलंय की अशाने मालकी येत नाही, रजिस्ट्रीच हवी. मुलाने आईच्या वतीने खरी विक्री करणं वेगळं, ते चालतं.

जॉइंट खातं यापेक्षा कितीतरी सोपं आहे. "एदर ऑर सर्व्हायवर" केलं की दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतं, आईचं भान गेलं तरी घरखर्च आणि औषधं सहसा अडत नाहीत. आत्याचं हेच केलं असतं तर ते दोन महिने मला उसने पैसे मागत फिरावं लागलं नसतं. उणी बाजू अशी की त्याने फक्त खात्याचा प्रश्न सुटतो, घराचा नाही, शिवाय दुसरा भाऊ पुढे पैशांचा हिशेब मागणारच. हात थरथरतात म्हणून सही जुळत नसेल तर त्यासाठी मुखत्यारपत्र करायची गरज नाही, दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस असावा लागतो. पेन्शनचा हयातीचा दाखलाही आता मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो.

भान गेल्यानंतर मात्र बहुतेक कोर्टच उरतं. कोमातल्या माणसासाठी पालक (गार्डियन) नेमायला लोक रिट अर्ज घेऊन हायकोर्टात जातात, इंदूरला खंडपीठ आहे हे आपलं नशीब, पण डॉक्टरांचे रिपोर्ट, सगळ्या वारसांची संमती, वकील, कोर्टाच्या तारखा यात जीव मेटाकुटीला येतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल अठराचं झालं असेल तर वेगळा रस्ता आहे, 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्यातली लोकल लेव्हल कमिटी पालक नेमते.

तर आईचं भान शाबूत असेल तर या महिन्यातच जॉइंट खातं करा, एखादं ठरलेलं काम असेल तर त्यापुरतं खास मुखत्यारपत्र, आणि रोजची धावपळ खरंच खूप असेल तरच आममुखत्यार, तेही विक्रीचा शब्द काढून. कुणाच्या नावाने करायचं ते आईला ठरवू द्या, थोरला मुलगा आहे म्हणून त्याचंच असं नको. मुखत्याराने हिशेब द्यायलाच हवा, तेही कायद्यातच आहे, आणि वाटेल तेव्हा अधिकार काढून घेता येतो, फक्त मुखत्याराला आणि बँकेला लेखी कळवायचं.

आमच्याकडे मूळ कागद आईच्या गोदरेजच्या कपाटात असतो, किल्ली तिच्याकडे. मला काम पडलं की मागून घेतो, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला ती भाड्याची वही मागते.