रामदासपेठेतली आहारतज्ज्ञ: पहिली बैठक घ्या, पॅकेज राहू द्या

गरोदरपणातल्या आहारासाठी मी नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका आहारतज्ज्ञ मॅडमकडे गेले होते, हा त्याचा अनुभव. पैशाचं आधी सांगते, कारण ऑफिसमध्ये सगळ्यांनी तेच आधी विचारलं. पहिल्या बैठकीचे हजार रुपये, पुढच्या दर भेटीचे पाचशे आणि तीन महिन्यांचं ‘मातृत्व पॅकेज’ साडेसहा हजारांचं. मी पहिली बैठक आणि त्यानंतरची एक भेट घेतली, पॅकेज घेतलं नाही. हजार रुपये वसूल झाले. पॅकेजचं खाली लिहिते.

जायचं कारण साधं होतं. तिसरा महिना संपत आला तेव्हा माझं हिमोग्लोबिन ९.८ निघालं. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि आहारासाठी या मॅडमचं नाव सुचवलं. पण खरं सांगायचं तर मी गेले ते ‘काय खाऊ’ विचारायला नव्हे, ‘काय सोडू’ हे एकदाचं मिटवायला. सासूबाई काटोलकडच्या, माझी आई अकोल्याची आणि ऑफिस सिव्हिल लाइन्समध्ये. तिन्हीकडून येणारी मनाईची यादी एकत्र केली तर ताटात वरणभात आणि पाणी एवढंच उरत होतं. पपई नको, वांगं नको, तीळ नको, संत्रं नको, मासे नको, ग्रहणात सुरी नको. वर मोबाईलवर कोणी ना कोणी रोज नवीन काहीतरी पाठवतच होतं.

सासूबाईंना सोबत नेलं, आणि ते बरंच झालं. मॅडमनी त्यांना बाहेर बसवलं नाही. खुर्ची दिली आणि पहिला प्रश्न त्यांनाच टाकला: “आई, तुम्ही हिला काय काय नको म्हणता ते सांगा.” सासूबाई खुलल्या. “पपईचं तं नावच काढू नोको म्हणलं मी. अन् संत्रं थंड राह्यते, लेकराले सर्दी होते.” मॅडमनी सगळं लिहून घेतलं, हसल्या नाहीत. मग एकेक घेऊन बोलायला लागल्या. या सेवेत पैसे देण्यासारखं काही असेल तर ते हेच: प्रत्येक ‘नको’ कुठून आलं ते त्या सांगतात. काही बाळाला धोका म्हणून, काही आईला त्रास म्हणून, आणि काही नुसतंच घरात चालत आलेलं म्हणून. छापील यादीत तिन्ही एकाच रांगेत बसतात आणि वाचणारी बाई घाबरून सगळंच सोडते.

पपईचं ऐका. कच्च्या आणि अर्धवट पिकलेल्या पपईत चीक असतो, आणि त्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयात आकुंचन होताना प्रयोगात दिसलं आहे. पूर्ण पिकलेल्या फळाच्या रसाने तसं झालं नव्हतं. म्हणजे सासूबाईंची भीती निराधार नाही, ती फक्त पिकल्या फळापर्यंत ताणली गेली आहे. मॅडम म्हणाल्या, “पिकलेली खाल्ली म्हणून काही होत नाही, पण बाजारातली पपई आतून किती पिकली आहे याची खात्री नसते. घरात रोज भांडण होणार असेल तर सोडा, पेरू खा. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर.” मला हा निकाल पटला. वांग्याला आणि तिळाला त्यांनी सरळ मोकळीक दिली: मनाईला वैद्यकीय आधार नाही, उलट तिळात कॅल्शियम आणि लोह दोन्ही आहे. संक्रांतीला तिळगूळ खायचा की नाही हा प्रश्न त्यामुळे चार महिने आधीच निकाली निघाला.

संत्र्यावर मात्र त्या जरा जास्तच रमल्या, आणि रमायलाच हव्या होत्या. लोहाच्या गोळीसोबत किंवा डाळ-पालेभाजीच्या जेवणासोबत क जीवनसत्त्व असेल तर लोह जास्त शोषलं जातं. नागपूरच्या बाईला हिमोग्लोबिन कमी म्हणून गोळ्या आणि त्याच घरात संत्र्याला बंदी, याला काय म्हणावं! सासूबाईंच्या माहेरी संत्र्याच्या बागा आहेत, हे आणखी वर. “आंबिया बहाराची येतील तेव्हा रोज एक द्या, सर्दी झाली तर मला फोन करा,” असं मॅडमनी त्यांनाच सांगितलं. सध्या तोच बहार, म्हणजे पावसाळ्यानंतर निघणारी संत्री, बाजारात आहे आणि काटोलहून पिशवी येते. सर्दी झालेली नाही.

मग चहा. मला वाटलं होतं बंद करायला सांगतील, आणि मी मनातल्या मनात नकार तयार ठेवला होता. त्यांनी कप विचारले, कपाचं माप विचारलं, कोणत्या वेळी ते विचारलं. १५० मिलीच्या चहात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि गरोदरपणात दिवसाला २०० च्या आत राहावं असा सर्वसाधारण सल्ला आहे. तेव्हा दोन-तीन लहान कप चालतात. खरी अडचण वेळेची निघाली. मी सकाळी तर्री पोह्यांबरोबर चहा घ्यायची आणि जेवण झालं की ऑफिसात पुन्हा. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अडवतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असं आहे. कप तेवढेच ठेवून फक्त सरकवायचे होते. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, एक सकाळी तर दुसरी रात्री. हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, पण का ते इथे कळलं.

बैठकीतला सगळ्यात कामाचा प्रश्न मात्र खाण्याच्या रकान्यात नव्हताच. “घरात खर्रा कोण खातं? सुपारी? गुडाखू?” (खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, गुडाखू म्हणजे दातांना लावायची तंबाखूची पेस्ट.) मी म्हटलं, खर्रा आमच्याकडे नाही. सुपारीचं बोलायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. जेवणानंतर सासूबाई अडकित्त्याने कातरतात आणि दोन तुकडे माझ्या हातावर ठेवतात. ते खाणं आहे असं आम्ही दोघी धरतच नव्हतो. सासूबाईंनीच सांगून टाकलं. त्यावर मॅडम पहिल्यांदा कडक झाल्या. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे, आणि गरोदरपणात ती खाणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन कमी असण्याशी तिचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. “पपईला इतकी घाबरता आणि सुपारी रोज देता?” एवढंच त्या म्हणाल्या. सासूबाई परत येताना रिक्षात गप्प होत्या. दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातावर भाजलेली बडीशेप येते. स्वतःची त्यांनी सोडलेली नाही, आणि तो विषय मी काढत नाही. खर्रा पानठेल्यावर गल्लोगल्ली घोटला जातो अशा शहरात हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरने विचारायला हवा. मला तोपर्यंत कोणीच विचारला नव्हता.

बाहेरच्या खाण्याबद्दल माझा अंदाज उलटा निघाला. मला वाटायचं सावजी, म्हणजे आमच्याकडचं झणझणीत मटण, पहिलं जाईल. पण मटण पूर्ण शिजलेलं असेल तर जंतूंचा धोका राहत नाही. उरतो तो तिखट-तेलाचा आणि रात्रभर छातीत होणाऱ्या जळजळीचा, आणि तो त्रास माझा, बाळाचा नव्हे. तेव्हा घरी करा, मसाला निम्मा घाला, दुपारी खा. कलेजी मात्र नको म्हणाल्या, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि सुरुवातीच्या महिन्यांत ते जास्त झालं तर बाळाला अपाय होऊ शकतो. आई फोनवर रक्त वाढायला कलेजीच सुचवत होती. तिला कळवलं.

गेलं ते गुपचुप, म्हणजे पाणीपुरी. त्याच्या पाण्यासाठी. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई इतरांना बहुधा कावीळ होऊन सुटतो, पण गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो जीवघेणा ठरू शकतो. अशा बायकांत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याची नोंद आहे. हे ऐकल्यावर फुटाळा तलावावरची चक्कर भुट्ट्यावर भागवायला मला जड गेलं नाही. उसाच्या रसातला बर्फ, गाडीवरची चिरलेली फळं, कच्ची मोड आलेली मटकी, अर्धं उकडलेलं अंडं, घरचं कच्च्या अंड्याचं मेयोनीज, गवळ्याचं न उकळलेलं दूध हे सगळं दूषित पाण्याच्या किंवा जंतूंच्या धोक्यामुळे बाहेर. गरम पोहे, गरम पाटोडी रस्सा, भरपूर सांबार (कोथिंबीर) धुऊन घातलेली घरची सांबारवडी आत.

उपासाबद्दल त्या ठाम होत्या. मी हरतालिका निर्जळी केली होती आणि नवरात्र तोंडावर होतं. निर्जळी नाही म्हणजे नाही. नवरात्र धरायचंच असेल तर नुसत्या साबुदाण्यावर नको, दूध, राजगिरा, फल्लीदाणे, फळं वेळेवर. सासूबाईंनी ७ सप्टेंबर २०२५ च्या चंद्रग्रहणाचं विचारलं, तेव्हा म्हणाल्या की हिला आडवं करून ठेवलंत तरी माझी हरकत नाही, पण पाणी बंद करू नका. सासूबाईंना हे चाललं. श्रद्धेला हात न लावता मधलं पाणी सोडवून घेण्याचं कसब मॅडमकडे आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी. त्यांनी सिकलसेलचा, म्हणजे लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचा, रिपोर्ट मागितला. विदर्भात हा आजार बराच असल्याने हिमोग्लोबिन कमी म्हटलं की थेट लोह वाढवत सुटायचं नाही, आधी हे बघायचं. माझा रिपोर्ट निगेटिव्ह होता, पण विचारलं याचं बरं वाटलं.

आता नावडलेलं. वेळ घेऊन गेलं तरी तासभर बसावं लागतं, खुर्च्या कमी, पंखा एकच. निघताना हातात दिलेला छापील तक्ता निरुपयोगी आहे. त्यात ब्लूबेरी, ॲव्होकाडो, सुशी टाळा, मऊ चीज टाळा असलं सगळं. ज्या बाईने आत बसून सुपारी शोधून काढली तिच्याच दवाखान्यात हा कागद कुठून आला कळत नाही. जवसाच्या चटणीचं, अंबाडीच्या भाजीचं त्यात नावही नाही. आणि पॅकेज. काउंटरवरची मुलगी तुम्ही बाहेर आलात की प्रोटीन पावडरचा डबा पुढे सरकवते, जणू मॅडमनी सांगितलाय. मॅडमनी सांगितला नव्हता, मी आत जाऊन विचारून आले. “डाळ, दही, अंडी नीट गेली तर तुम्हाला गरज नाही,” असं त्या म्हणाल्या. मग तो डबा पॅकेजात कशाला? पॅकेजमधला दुसरा भाग म्हणजे दर आठवड्याला मोबाईलवर येणारा आहारतक्ता. मैत्रिणीने घेतला आहे. तिचा आणि तिच्या ओळखीतल्या दुसरीचा तक्ता शब्दशः सारखा होता, आणि दोघींच्या वजनात पंधरा किलोंचा फरक आहे.

दुसऱ्या भेटीत नवीन काही फार निघालं नाही, पाचशे थोडे जास्तच वाटले. परवाच्या तपासणीत हिमोग्लोबिन ११.१ आलं. मुख्य श्रेय गोळ्यांचंच, पण त्या अंगी लागल्या यात सरकवलेल्या चहाचा वाटा असावा.

हजार रुपये जड असतील तर लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथेही आहाराचं विचारता येतं. फक्त सुपारीचं तुम्ही स्वतःहून सांगा.

मॅडमकडे जायचं ठरवलंत तर सकाळची पहिली वेळ मागा, संध्याकाळी रामदासपेठेत गाडी लावायला जागा नसते. रक्ताचे जुने रिपोर्ट, सिकलसेलचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या. काढा किंवा चूर्ण चालू असेल तर तेही. सासूबाई येत असतील तर नक्की न्या. आणि काउंटरवरच्या मुलीला आधीच सांगा की फक्त बैठक हवी आहे.