न्यूरो टेक्निशियन की न्यूरोबायोलॉजीत संशोधन?

बारावी सायन्सनंतर मेंदूकडं ओढा असेल, तर एमबीबीएसखेरीज दोन वाटा आहेत. एक ईईजी (मेंदूतल्या विद्युत संदेशांचा आलेख), ईएमजी (स्नायूंचा तसाच आलेख) काढणाऱ्या टेक्निशियनची, दुसरी न्यूरोबायोलॉजीतल्या, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या जीवशास्त्रातल्या संशोधनाची.

टेक्निशियनची पदवी इंटर्नशिप धरून साधारण चार वर्षांत होते. काम लवकर मिळतं, पण बहुतेक नागपूरसारख्या शहरातच. घरी कर्ज असेल, धाकट्यांची शिक्षणं बाकी असतील, तर हीच वाट धरा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त कॉलेजला न्यूरॉलॉजी विभाग असलेलं हॉस्पिटल जोडलेलं आहे का, ते स्वतः जाऊन बघा.

संशोधनाची वाट लांब आहे. तालुक्याच्या कॉलेजातून झूलॉजी-केमिस्ट्री घेऊन बीएस्सी, मग जॅमसारखी एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन बाहेर एमएस्सी. नाहीतर बारावीनंतर थेट आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांमधली पाच वर्षांची बीएस-एमएस ही जोडपदवी. पुढं पीएचडी, त्याला आणखी पाच-सहा वर्षं. मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बेंगळुरूचं निम्हान्स (मेंदू आणि मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) ही त्यातली मोठी ठिकाणं. तिशीपर्यंत पक्की नोकरी नसेल, हे घरी आधीच बोलून घ्या. पण पीएचडी करताना घरून पैसे मागावे लागत नाहीत: नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत. नंतर प्राध्यापकी, औषध कंपन्या, क्लिनिकल ट्रायल, मेंदूच्या डेटाचं विश्लेषण. नुसत्या बीएस्सीवर मात्र यातलं फारसं हाती लागत नाही.

तरी घरचा भार नसेल, तर मी संशोधनाच्याच बाजूनं आहे, कारण हा विषय आपल्या धुऱ्यावरचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना कास्तकार आणि मजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडतात. मज्जातंतूचा स्नायूला गेलेला संदेश मग थांबतच नाही. लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, श्वास अडतो. सर्पदंशाचंही तसंच. नागाचं विष स्नायूवरचे, संदेश घेणारे ग्राहक (रिसेप्टर) अडवतं, तर मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं. म्हणून प्रतिविष देऊनही रुग्णाला कधी कधी कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. यावर काम करायला ही शेतं पाहिलेली मुलं हवीत.

आणि ज्यांची अकरावी आता सुरू होतेय, त्यांनी बायोलॉजी घेतली म्हणून गणित सोडू नये. आयसरच्या प्रवेश परीक्षेत ६० पैकी १५ प्रश्न गणिताचे असतात.