बॅटरीवरची बागेची मशीनं: बावधनमधला वर्षभराचा अनुभव

रो-हाउस, पुढे बेताचं लॉन, कडेने गोल्डन ड्युरांटाचं कुंपण, कोपऱ्यात मोकाट सुटलेली बोगनवेल. मागे रिकामा प्लॉट, म्हणजे गाजरगवत. १९५५ च्या सुमारास हे गवत आपल्या पुण्यातच पहिल्यांदा लक्षात आलं म्हणतात, तेव्हा पुणेकरांनी त्याच्याबद्दल तक्रार तरी कुणाकडे करायची!

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ग्रास ट्रिमर (गरगर फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीने गवत कापणारा), हेज ट्रिमर (कुंपण छाटणारा) आणि ब्लोअर (वाऱ्याच्या झोताने पानं उडवणारा) घेतले. सोबत १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की माझी कंपनी भारी की तुझी यावरच सगळे घसरतात.

पहिलं मशीन घेतलं की पुढची चार कुठली येणार हे तिथेच ठरतं, कारण एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. एकाच कंपनीतही गल्लत होते. बॉशची घरगुती हिरवी मालिका १८ व्होल्टचीच आणि कारागिरांची निळीही १८ व्होल्टचीच, पण बॅटऱ्यांची अदलाबदल होत नाही. मकिताची ४० व्होल्टची बॅटरी त्यांच्याच १८ व्होल्टच्या मशीनला चालत नाही. म्हणून दुकानात आधी विचारायचं ते असं: सुटी बॅटरी कितीला, आत्ता स्टॉकमध्ये आहे का, आणि तिच्यावर चालणारी बागेची मशीनं पुण्यात कोणकोणती मिळतात. मी ज्या दुकानांत फिरले तिथे ड्रिल आणि ग्राइंडर ढिगाने होते; हेज ट्रिमर म्हटल्यावर "मागवून देतो" हेच उत्तर. कॅटलॉगमधल्या शंभर मशीनांना भुलू नका.

व्होल्टच्या आकड्यांनाही नको. खोक्यावर १८, २० किंवा २१ काहीही लिहिलेलं असो, आत बहुधा एकामागे एक जोडलेले पाचच सेल असतात. प्रत्येकी ३.६ व्होल्ट धरले तर १८, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ धरले तर २१. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बॅटऱ्यांवर ४८ किंवा ८८ असे आकडे असतात, त्यांतल्या बऱ्याच आतून हेच पाच सेल घेऊन बसलेल्या असतात. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की खरा साठा कळतो. माझ्या एका बॅटरीत ७२ वॉट-अवर. म्हणजे चार्जरमधली गळती धरूनसुद्धा विजेच्या एका युनिटमध्ये दहा-बारा वेळा भरून होते. बिलाची काळजी सोडा.

या ७२ मध्ये होतं किती? ट्रिमर कोरड्या गवतात बऱ्यापैकी अर्धा तास चालतो. जुलैत तेच गवत ओलं आणि गुडघ्याएवढं झालं की वीस मिनिटांत दिवा लाल होतो. गार्डच्या आत हिरवा लगदा थापला जातो, त्यात दोरी अडकते आणि मोटर कण्हायला लागते. दर थोड्या वेळाने बॅटरी काढून काडीने तो खरवडायचा. बॅटरी न काढता हात घालू नका, चुकून बटण दाबलं गेलं तर बोटं जातील. दोरी सारखी तुटत असेल तर रीळ रात्रभर पाण्यात टाकून ठेवा. नायलॉन वाळलं की कडक होतं, पाणी पिऊन परत लवचीक होतं. गाजरगवताच्या जून खोडाला मात्र दोरी पुरत नाही. ते फुलायच्या आत, पावसाने जमीन मऊ असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटलेलंच बरं.

हेज ट्रिमरवर मी सगळ्यात खूश आहे. ड्युरांटाला कात्रीने अख्खी सकाळ जायची, आता चहा गार व्हायच्या आत एक बाजू होते. बोगनवेलीच्या जुन्या फांद्या त्याच्या दातांत मावत नाहीत, त्यांना लांब दांड्याचा कटर हवाच. काम झालं की पात्यावरचा चिकट चीक पुसून तेलाचे दोन थेंब सोडायचे.

ब्लोअर म्हणजे बॅटरीचा बकासुर. फुल स्पीडवर दहा मिनिटंसुद्धा पुरत नाही. माघ-फाल्गुनात कडुलिंब पानं गाळतो तेव्हा तो लागतो, एरवी खराटा बरा.

आणि इथेच एका बॅटरीवरची सिस्टीम पटते. पावसाळ्यात ट्रिमर, दिवाळीनंतर छाटणी, पानगळीत ब्लोअर. तिन्ही कामं एका दिवशी कधी येत नाहीत, म्हणून दोन बॅटऱ्या वर्षभर पुरतात. एक मात्र पुरणार नाही. एप्रिलच्या दुपारी ब्लोअर चालवून तापलेली बॅटरी चार्जरवर लावली तर तो नुसता दिवा लुकलुकवत बसतो. ती निवल्याशिवाय चार्जिंग सुरूच करत नाही. लिथियमला उष्णता सोसत नाही, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये बॅटऱ्या ठेवू नका. माझ्या जिन्याखालच्या कपाटात असतात, महिनाभर काम नसेल तर अर्ध्या भरलेल्या.

आमच्याकडे येणारे माळीकाका पहिल्यांदा हसले होते. "ताई, हे खेळणं आहे, आमच्या पेट्रोलच्या मशीनपुढं टिकायचं नाही." मोठ्या प्लॉटसाठी त्यांचं अजूनही खरं आहे. तिथे पेट्रोलच घ्या, डबा भरला की पुन्हा सुरू. पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, इंजिन चालू करायला दोरी ओढत बसा, रविवारी सकाळी शेजारच्या आजोबांची बोलणी खा, हे आमच्या एवढ्याशा बागेसाठी कोण करणार? वायरवालं स्वस्त पडतं, पण ओल्या गवतात एक्स्टेन्शन ओढत फिरायला मी तयार नाही. परवा काकांनी हेज ट्रिमर मागून नेला, शेजारच्या बंगल्याच्या कुंपणासाठी. बॅटरी चार्ज करून परत दिली, हे विशेष.

लॉन मोअर घेतला नाही. एवढ्या लॉनला हाताने ढकलायचं रिळाचं मशीन पुरतं. याच बॅटरीवर चालणारी चेनसॉ आहे आणि दुकानदार ती गळ्यात मारायला बघतो. कुणी घेणार असेल तर लक्षात ठेवा, शहरात झाड तोडायला, मोठ्या फांद्या उतरवायलाही, १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते, मग झाड स्वतःच्या अंगणातलं का असेना. माझ्याकडचे उरलेले पैसे मी तिसऱ्या बॅटरीसाठी ठेवलेत.