शंभर जीबीची एक डिस्क की पंचवीसच्या चार?

घरचे फोटो, लग्नकार्याचे व्हिडिओ, जमिनीच्या कागदांचे स्कॅन ब्ल्यू-रेवर कायमचे ठेवायचे ठरले की पुढचा प्रश्न हाच येतो. रोजच्या वापराची प्रत हार्ड डिस्कवर असणारच, त्याबद्दल वाद नाही. इथे विचार त्या प्रतीचा, जी एकदा लिहिली की व्हायरसला आणि चुकून दाबलेल्या डिलीटला दाद देत नाही.

कागदावर शंभरची बीडीएक्सएल डिस्क (तीन थरांची, जास्त दाट लिहिलेली ब्ल्यू-रे) सरळ जिंकते. कमी जागा, कमी लेबलं, मोठी फाइल न तोडता मावते. पण ती म्हणजे पंचवीसच्या चार डिस्का एकावर एक रचलेल्या नव्हेत. साध्या बीडी-आरवर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रेवर, लेसरने उमटवलेली सर्वांत लहान खूण 149 नॅनोमीटरची असते, बीडीएक्सएलवर ती 112 नॅनोमीटरपर्यंत खाली येते. म्हणून एका थरात 25 ऐवजी 33.4 जीबी बसतात आणि असे तीन थर असतात. एवढ्या दाट खुणा वाचायला ड्राइव्हचं सिग्नल-प्रोसेसिंगच वेगळं लागतं. 2010 मध्ये हे स्पेसिफिकेशन आलं, त्याआधीच्या ड्राइव्हला ही डिस्क समजत नाही आणि फर्मवेअर बदलूनही सहसा काही होत नाही. 50 जीबीच्या डीएल, म्हणजे दोन थरांच्या, डिस्कची गोष्ट निराळी. तिची घनता 25 चीच असल्याने जुन्या ड्राइव्हही ती बहुधा वाचतात.

माझ्यासाठी निकाल लावला तो मात्र एका कटकटीने, थर बदलण्याच्या. शंभरच्या डिस्कवर पहिला थर आतून बाहेर लिहिला जातो, दुसरा बाहेरून आत, तिसरा पुन्हा आतून बाहेर. म्हणजे पहिला थर संपून दुसरा सुरू होतो तो डिस्कच्या बाहेरच्या कडेला. तिथे डिस्क किंचित वाकलेली असू शकते, डगमग सर्वाधिक असते, बोटांचे ठसेही तिथेच पडतात. लेसरला तिथे नवीन खोलीवर फोकस धरायचा असतो आणि नव्या थरासाठी पॉवर जुळवायची असते. प्रोग्रेस बार 33 टक्क्यांच्या आसपास अडखळतो तो यामुळे. कधी राइट पूर्ण होतं, पण व्हेरिफाय करताना, म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून तपासताना, नेमका त्याच पट्ट्यात वेग कोसळतो आणि मग सेक्टर वाचता येत नाही असा संदेश येतो. बीडी-आर एकदाच लिहिता येते, त्यामुळे महागडी डिस्क फेकावी लागते. 25 मध्ये थर एकच, त्यामुळे हा प्रसंगच येत नाही. माझ्या पाहण्यात शंभरच्या डिस्का यामुळेच जास्त वाया जातात. तुमची ड्राइव्ह आणि डिस्कची बॅच चांगली असेल तर कदाचित तुम्हाला हे जाणवणारही नाही.

वेळ तरी वाचतो का? नाही. लिहिण्याचा 1एक्स वेग म्हणजे सेकंदाला साडेचार एमबी. 4एक्सला 25 जीबी सुमारे 23 मिनिटांत लिहून होतात आणि 100 जीबीला दीड तास लागतो. चार डिस्कांचा हिशेबही तिथेच येतो. फरक बिघडल्यावर दिसतो: एकीकडे 23 मिनिटं आणि स्वस्त डिस्क गेली, दुसरीकडे तासाच्या वर वेळ आणि महाग डिस्क. स्पेअर एरिया (खराब सेक्टरच्या बदल्यात वापरायची राखीव जागा) ठेवून फॉरमॅट केलेली डिस्क ड्राइव्ह लिहिता लिहिता तपासते, तेव्हा वेग साधारण निम्मा होतो, हेही गृहीत धरा.

शंभरचीच घ्यायची तर वीजपुरवठ्याकडे आधी बघा. पातळ यूएसबी ड्राइव्ह लिहिताना अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त खेचू शकते. यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलीअँपिअर देतो आणि यूएसबी 3 चा 900. थर बदलताना ड्राइव्ह मध्येच गायब होत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी एकाच वेळी दोन पोर्टमधून वीज घेणारी केबल किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावा. फाइली एसएसडीवरून लिहा, नेटवर्कवरून नको.

पंचवीसच्या डिस्कसाठी माझी पद्धत अशी. विंडोजमध्ये तिची जागा 23.3 जीबी दिसते. त्यात 20 जीबी फाइली, 2 जीबी मल्टीपार या प्रोग्रामने केलेल्या दुरुस्तीच्या फाइली आणि एसएचए-256 ची (फाइल जशीच्या तशी आहे का ते पडताळणाऱ्या आकड्यांची) यादी ठेवायची, बाहेरची कड थोडी रिकामी सोडायची. फाइल सिस्टिम यूडीएफ 2.50, वेग 4एक्स, सेशन बंद, म्हणजे नंतर डिस्कवर भर घालता येत नाही. व्हेरिफाय झालं की डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून यादी पुन्हा तपासायची, कारण लिहिणारी ड्राइव्ह स्वतःचं लिखाण फार उदारपणे वाचते. पुढे काही सेक्टर गेले तर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने डिस्कची जेवढी वाचता येईल तेवढी पूर्ण नक्कल (इमेज) काढून दुरुस्तीच्या फाइलींवरून भरपाई होते.

बीडी-आर दोन प्रकारच्या मिळतात; खरेदीत एचटीएल बघा, एलटीएच टाळा. एलटीएचमध्ये सेंद्रिय रंगद्रव्य असतं, एचटीएलमध्ये असेंद्रिय थर. खूप टिकते या दाव्यावर विकल्या जाणाऱ्या एम-डिस्कचे जास्तीचे पैसे द्यावेत का? 25 जीबीमध्ये चांगल्या एचटीएलच्या तुलनेत मला ते फारसे पटत नाहीत. डेटाचा थर पृष्ठभागापासून फक्त 0.1 मिलिमीटर आत असतो, म्हणून मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात दाबून ठेवू नका, ज्युवेल केस वापरा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यापुरती तरी हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच. नाव मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मार्करने.

शंभरची डिस्क खरोखर सरस ठरते ती एकाच ठिकाणी: साठ-ऐंशी जीबीची सलग व्हिडिओ फाइल. ती तोडून चार डिस्कांवर पसरली तर एक डिस्क गेली तरी सगळी फाइल अडते. स्टुडिओवाल्यांनी बीडीएक्सएलच घ्यावी, पण प्रत्येक फाइलच्या दोन प्रती कराव्यात, शक्यतो दोन वेगळ्या बॅचच्या डिस्कांवर. डेटा दहा-वीस टीबीच्या पुढे गेला तर डिस्कचा नाद सोडून एलटीओ टेपचा (डेटा साठवण्याच्या चुंबकीय फितीच्या कार्ट्रिजचा) विचार करा. एलटीओ-9 च्या एका टेपवर 18 टीबी मावतात. मात्र ड्राइव्ह लाखांत जाते, ती जोडायला संगणकात एसएएस कार्ड लागतं आणि नवी टेप पहिल्यांदा घातल्यावर जुळवणीतच दोन तासांपर्यंत जाऊ शकतात.

मोठ्या डिस्कची वाट बघावी का? 2014 मध्ये सोनी आणि पॅनासोनिकने आर्काइव्हल डिस्कचा आराखडा जाहीर केला: 300 जीबी, मग 500, मग 1 टीबी. 500 पर्यंत मजल गेली, तीही कार्ट्रिजमध्ये बंद आणि संस्थांसाठी. 2024 च्या फेब्रुवारीत शांघायच्या संशोधकांनी नेचरमध्ये शंभर थरांची, 1.6 पेटाबिट म्हणजे सुमारे 200 टीबीची डिस्क मांडली. विज्ञान म्हणून ते अप्रतिमच आहे. पण तिला अत्यंत अल्प क्षणांचे झोत सोडणारा फेमटोसेकंद लेसर लागतो, आणि इथे तीन थरांतच दुकानातल्या ड्राइव्हला घाम फुटतो. मी तिच्या भरवशावर आजचे फोटो थांबवणार नाही.

उलट आजचंच सामान आटतंय, याची मला जास्त काळजी वाटते. पॅनासोनिकने 2023 च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्का बनवणं बंद केलं, सोनीने 2025 च्या फेब्रुवारीत. एकेकाळी जगभर डिस्का पुरवणारी नोएडाची मोझर बेअर 2018 मध्येच दिवाळखोरीत निघाली. व्हर्बाटिम या डिस्क-ब्रँडचं नाव आता तैवानच्या सीएमसी कंपनीकडे आहे. पुरवठा कमी होत गेला तर बनवायला अवघड तीन थरांची डिस्क आधी दुर्मिळ होईल आणि एका थराची मागे राहील, असा माझा अंदाज आहे. त्यामुळे 25 च्या पन्नास डिस्कांचा एक स्पिंडल आणि बीडीएक्सएल वाचणाऱ्या दोन ड्राइव्ह आत्ताच घेऊन ठेवा. दुसरी ड्राइव्ह लिहायला वापरू नका. खोक्यात ठेवा आणि वर्षातून एकदा काढून जुनी एखादी डिस्क तिच्यावर वाचून बघा.