४३.१ हॉर्सपॉवरचा कागद

माझी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० मोटरसायकल आहे, २०२१ ची. दोन सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह आणि वर एकच कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा; त्यालाच नुसतं कॅमही म्हणतात. कंपनीच्या हिशेबाने ४७ बीएचपी, टॉर्क ५२ न्यूटन मीटर. मागे बायको आणि दोन्ही बाजूंना बॅगा असताना आंबा घाटात ती मधल्या आरपीएमला जरा दमते, असं मला बरेच दिवस वाटत होतं. गेल्या जानेवारीत पुण्याबाहेरच्या एका ट्यूनरकडून मी तिला ‘कस्टम कॅम’ बसवून घेतला. ३४,००० रुपये दिले. गाडीत कॅम बदललाच गेला नव्हता, हे कळायला मला चार महिने लागले. दुसऱ्या कुणाचे असे पैसे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहितोय.

त्याची शेड बघूनच माझा विश्वास बसला होता. फरशी स्वच्छ, भिंतीवर रेसच्या ट्रॉफी, आणि स्वतःचा डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजणारं यंत्र. ‘दादा, २७२ डिग्रीचा कॅम टाकू, वर तीन-चार हॉर्सपॉवर कुठे जात नाहीत,’ म्हणाला. माझं वजन किती, गाडी घाटात चालते की हायवेवर, स्प्रॉकेट कोणतं, सायलेन्सर कोणता, यातलं काहीही त्याने विचारलं नाही. मी तिथेच उठायला हवं होतं.

कारण कॅम हा असा फळीवरून काढून देण्याचा पार्ट नाही. ‘२७२ डिग्री’ हे ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा असताना क्रँक किती अंश फिरतो ते; पण या आकड्याला एकट्याला अर्थच नाही. व्हॉल्व्ह किती उचलल्यापासून मोजलं? सीटवरून जरासा हलल्यापासून मोजलं तर एक आकडा येतो, १ मिलिमीटर लिफ्टपासून, म्हणजे तेवढा उचलल्यापासून, मोजलं तर तोच कॅम कितीतरी लहान दिसतो. त्याहून महत्त्वाचं, इनटेक (हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेणारा) व्हॉल्व्ह बंद कधी होतो. तो उशिरा बंद होत असेल तर कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण पिस्टन पुन्हा पोर्टमध्ये ढकलतो आणि खालचा टॉर्क जातो. या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ९.५ ला १ आहे. ते न वाढवता लांब ड्युरेशनचा कॅम घातला, तर माझ्यासारख्या घाटात दोघं बसून जाणाऱ्याला गाडी उलट मंद लागेल. मला हवा होता जवळपास मूळचंच ड्युरेशन आणि थोडी जास्त लिफ्ट असलेला कॅम. खरा कॅम ग्राइंड करणारा माणूस आधी हे सगळं विचारून घेतो, मग आकडा सांगतो. हे ज्ञान मला नंतर झालं.

१८,००० रुपये आगाऊ दिले, यूपीआयने, त्याच्या वैयक्तिक खात्यावर. उरलेले रोख. बिल मागितलं तर ‘जीएसटी लावून सहा हजार वाढतील’ म्हणाला, आणि मी गप्प बसलो. जुना कॅम मागितला तर म्हणाला, ‘तो बदल्यात जमा, म्हणून तर भाव एवढा कमी.’ हे वाक्य लक्षात ठेवा. बदललेला पार्ट हातात मिळत नसेल तर तो बदलला गेला याला पुरावाच उरत नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली. टॅपेटमधून, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या जोडातून, टकटक येत होती. ‘परफॉर्मन्स कॅमचा आवाज असाच असतो,’ असं उत्तर मिळालं. आयडलिंग थोडं वाढवलेलं होतं, त्यामुळे गाडी जागेवर जरा रागीट वाटायची. आणि हातात डायनोचे दोन कागद: आधी ४०.१, नंतर ४३.१, दोन्ही मागच्या चाकावरचे. पाकिटाला लावून तो कागद मी चार महिने मित्रांना दाखवत होतो.

घाटात मात्र काहीही फरक नव्हता. सुरुवातीला वाटायचा, मग वाटेनासा झाला. टकटक वाढली तेव्हा मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका जुन्या टर्नर काकांकडे गेलो. चाळीस वर्षं डिझेल इंजिनांचं काम केलेला माणूस. त्यांनी आधी इंजिन थंड होऊ दिलं, मग कव्हर उघडून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातला. टॅपेटचा गॅप कंपनीने दिलेल्या मापाच्या दुपटीहून जास्त होता. गॅप वाढला की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर बंद होतो आणि उचललाही कमी जातो. म्हणजे मोठ्या कॅमच्या बरोबर उलट परिणाम. तो ‘परफॉर्मन्सचा आवाज’ होता ढिल्या टॅपेटचा.

मग कॅम बाहेर काढला. काळा कुळकुळीत, टोकाला इलेक्ट्रिक पेन्सिलने ‘२७२’ कोरलेलं. काकांनी थिनरचा बोळा फिरवला तसा काळा रंग बोळ्यावर आला आणि खाली कंपनीच्या कास्टिंगची खूण दिसली. रंग निघाल्यावर, बेअरिंगवर फिरणाऱ्या भागावर चौदा हजार किलोमीटर चाललेल्या कॅमची झीजही दिसत होती.

तरी ते म्हणाले, नुसत्या डोळ्यावर जायचं नाही. जुनाच कॅम पुन्हा घासून, बेस सर्कल (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान करून लिफ्ट वाढवता येते, आणि अशा रीग्राइंड कॅमवरही कंपनीची खूण राहतेच. म्हणून मी अधिकृत काउंटरवरून नवा कॅम विकत आणला. त्यांनी दोन्ही कॅम एकामागोमाग व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवले, उंचवटा मोजणारा डायल गेज लावला, टोकाला डिग्रीची चकती बसवली, आणि पाच-पाच अंशांनी फिरवत वहीत आकडे लिहायला लागले. मी शेजारी उभा. वहीच्या दोन रकाने तेच आकडे उतरत गेले. कुठे एखाद्या शतांश मिलिमीटरचा फरक, तो झिजेचा. वही मिटून काका म्हणाले, ‘ह्यो तुमचाच कॅम हाय. नुसता काळा केलाय.’

माझं डोकं मात्र कागदावर अडकलं. कॅम तोच असेल तर तीन हॉर्सपॉवर आले कुठून? रात्री दोन्ही कागद समोर घेऊन बसलो. खाली बारीक अक्षरात हवेची नोंद असते, ती मी कधी वाचलीच नव्हती. पहिल्या कागदावर तापमान २७, दाब ९४६ मिलिबार, करेक्शन १.०६. दुसऱ्यावर तापमान ४०, दाब ९०६, करेक्शन १.१४. खोली तीच, जानेवारी महिना, मध्ये दोन दिवस. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तिथे ९४६ बरोबर बसतं. ९०६ हा सुमारे नऊशे मीटर उंचीवरचा दाब झाला.

हवा विरळ आणि गरम असली की इंजिन कमी ताकद देतं, म्हणून डायनोचं सॉफ्टवेअर मोजलेल्या आकड्याला एका गुणकाने गुणून प्रमाणित हवेतला आकडा छापतं. पद्धत चांगलीच आहे, त्याशिवाय दोन दिवसांच्या दोन रनची तुलना होणार नाही. पण हवेचे आकडे सेन्सरवरून न घेता हाताने टाकले, तर हवी तेवढी ताकद कागदावर काढता येते. ४०.१ ला १.०६ ने भागा, ३७.८ येतात. ४३.१ ला १.१४ ने भागा, पुन्हा ३७.८. इंजिनाने दोन्ही दिवशी तेवढंच काम केलं होतं.

फोन केला तर आधी ‘दादा, गैरसमज होतोय’, मग ‘पुरावा काय?’, आणि शेवटी, ‘इंजिनात बदल केलाय हे आरटीओला आणि इन्शुरन्सवाल्यांना कळलं तर तुमचंच नुकसान.’ या धमकीनेच बहुतेक जण गप्प बसतात. पण इथे बदल झालाच नव्हता, आणि काकांच्या वहीतली पानं माझ्याकडे होती. मी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. हे त्याला कळवल्यावर यूपीआयचे १८,००० आठवड्यात परत आले. रोख दिलेल्या १६,००० ची कुठेच नोंद नाही, ते गेले.

तुम्ही कॅम घेणार असाल तर बसवण्याआधी तो तुमच्यासमोर डायल गेजवर फिरवून घ्या. सोबत कॅम कार्ड मागा. त्यावर लिफ्ट, १ मिलिमीटरवरचं ड्युरेशन, इनटेक आणि एक्झॉस्ट उघडण्या-मिटण्याचे अंश लिहिलेले असतात. लिफ्ट वाढणार असेल तर स्प्रिंग पूर्ण दबून कॉइलला कॉइल लागत नाही ना, आणि पिस्टनवर मऊ माती (क्ले) ठेवून इंजिन हाताने फिरवल्यावर व्हॉल्व्हला पुरेशी जागा उरते ना, हे तपासलंत का असं विचारा. हा प्रश्न ऐकून समोरचा वैतागला तर गाडी तिथे सोडू नका.

माझा अनुभव ओळखीच्या रायडर्सना सांगितल्यावर तिघांनी त्याच शेडमधले आपले कागद मला पाठवले. एकाची गाडी ऑगस्टच्या भर पावसात डायनोवर चढली होती. तिघांच्याही ‘नंतर’च्या कागदावर तापमान ४० आणि दाब ९०६ आहे.